मदरबोर्डाचा क्रमांक नव्हे, त्याची वीजव्यवस्था पाहा

वाचकाचे पत्र

मी इंदिरानगरात राहतो आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात काम करतो. घरी कॅडचे काम, थोडे व्हिडिओ एडिटिंग आणि सुटीच्या दिवशी गेम्स यांसाठी नवा डेस्कटॉप जुळवायचा आहे. भावाने त्याचे आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड मला दिले आहे आणि मॉनिटर घरात आहे. बाकी सगळे नव्याने घ्यायचे आहे आणि पैशांची ओढाताण आहे. म्हणून मध्यम प्रोसेसर घेऊन तो ओव्हरक्लॉक करावा, म्हणजे नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवावा, आणि त्याच्याकडून महागड्या प्रोसेसरचे काम करून घ्यावे, असा विचार आहे. एएमडीच्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरसाठी दुकानदाराने दोन मदरबोर्डांची कोटेशने दिली: ए६२० चा बोर्ड ७,८०० रुपये आणि बी६५० चा १२,५०० रुपये. एक मित्र म्हणतो की ओव्हरक्लॉकिंग करायचे तर इंटेलचा ‘के’ प्रोसेसर आणि झेड७९० बोर्डच हवा, पण तो बोर्ड १९,००० च्या पुढे जातो. दुसरा मित्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला बी४५० स्वस्तात आणून देतो म्हणतो. माझी खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली आहे आणि तिथे एसी नाही. मी कोणता बोर्ड घ्यावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर

निर्णयाला लागणारी जवळजवळ सगळी माहिती तुम्ही पत्रात दिली आहे, त्यामुळे निर्णय आधी सांगतो. बी६५० घ्या, मात्र समोर येईल तो बी६५० घेऊ नका, खाली दिलेल्या कसोट्यांना उतरेल तोच घ्या. ए६२० तुमच्या हेतूला उपयोगाचा नाही. झेड७९० तुमच्या खिशाला परवडणारा नाही आणि तुमच्या कामाला त्याची गरजही नाही. जुना बी४५० हा पर्याय अगदीच टाकाऊ नसला, तरी तो निवडायचा तर प्रोसेसरही बदलावा लागेल, कारण ७६०० त्या बोर्डावर बसतच नाही. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवण्याची जागा. ७६०० एएम५ सॉकेटचा आहे आणि बी४५० हा एएम४ सॉकेटचा बोर्ड आहे.

स्वस्त प्रोसेसरकडून महागड्याचे काम करून घेण्याची तुमची कल्पना एकेकाळी शब्दशः खरी होती. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर बाजारात आला, तेव्हा बोर्डावरील बसचा (प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो बहुतेक वेळा ४५० मेगाहर्ट्झवर चालत असे, म्हणजे फुकटात दीडपट वेग मिळत असे. आज तसे घडत नाही, कारण प्रोसेसरमध्ये शिल्लक असलेली ताकद कंपनीच कारखान्यातून बाहेर काढून देते. ७६०० चा मूळ वेग ३.८ गिगाहर्ट्झ असला, तरी थंडावा आणि वीज पुरेशी असेल तर तो आपणहून ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. त्यापुढे हाताने ओढाताण करून जे मिळते ते काही टक्क्यांच्या घरातले असते. त्यामुळे ओव्हरक्लॉकिंगच्या भरवशावर दोन पायऱ्या खालचा प्रोसेसर घेण्याचा हिशेब आता जमत नाही. जो प्रोसेसर जसा आहे तसाच तुमच्या कामाला पुरतो तो घ्यावा आणि ओव्हरक्लॉकिंगला वरकमाई समजावे. ७६०० सहा कोअर आणि बारा थ्रेडचा असल्यामुळे तुमच्या कामाला पुरणारा आहे, तेव्हा प्रोसेसरच्या निवडीबद्दल माझी हरकत नाही.

मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून बसचा वेग वाढवण्याची जुनी वाट जवळजवळ बंद केली, आणि तेव्हापासून गुणक (बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) मोकळा असलेला ‘के’ प्रोसेसर आणि त्याला मोकळीक देणारा वरच्या श्रेणीचा बोर्ड अशा दोन्हींचे पैसे मोजल्याशिवाय तिथे प्रोसेसरचा वेग सहसा हाताने वाढवता येत नाही. बी७६० सारख्या मधल्या बोर्डांवर रॅमचा वेग वाढवण्याची सोय आहे, प्रोसेसरचा वाढवण्याची नाही. एएमडीने मात्र २०१७ साली रायझन आणताना वेगळे धोरण ठेवले: काही एक्स३डी प्रोसेसर सोडले तर गुणक सरसकट मोकळा ठेवला आणि ओव्हरक्लॉकिंगची परवानगी मधल्या ‘बी’ श्रेणीच्या बोर्डांनाही दिली. मोजक्या पैशांत ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांचा ओढा एएमडीकडे असतो तो मुख्यतः यामुळे. त्यात कोणत्याही कंपनीवरच्या प्रेमाचा भाग नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांना जास्त व्होल्टेजमुळे कायमची इजा होत असल्याचे २०२४ मध्ये उघड झाले आणि कंपनीला ऑगस्टमध्ये नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांची दुरुस्ती) आणून वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्या पिढ्यांचा वापरलेला ‘के’ प्रोसेसर स्वस्तात मिळत असेल तर हा इतिहास लक्षात ठेवूनच हात घालावा.

एएमडीच्या बाजूलाही एक कुंपण आहे, आणि तुमचे पहिले कोटेशन नेमके त्याच्या पलीकडचे आहे. ए३२०, ए५२०, ए६२० या ‘ए’ मालिकेच्या बोर्डांवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग नाही. ए६२० वर रॅमचा वेग वाढवता येतो, परंतु तो बोर्ड मुळात ६५ वॅट श्रेणीच्या प्रोसेसरांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असल्यामुळे त्यातील स्वस्त बोर्डांची वीजव्यवस्था बेताचीच असते, आणि पुढे कधी आठ किंवा बारा कोअरचा प्रोसेसर घ्यावासा वाटला तर तो बोर्ड तुम्हाला अडवील. दुकानात आणखी एक नाव समोर येईल, बी८४०. ‘आठशे म्हणजे सहाशेच्या पुढचा’ असा समज करून घेऊ नका. बी८४० वर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग करता येत नाही, म्हणजे तुमच्या दृष्टीने तो बी६५० च्या खालचा आहे. बी८५० मात्र बी६५० च्या भावात मिळत असेल तर खुशाल घ्यावा. एक्स६७०, एक्स८७० या बोर्डांत जास्त पैसे मोजून मिळतात त्या प्रामुख्याने एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) बसवण्याच्या जादा जागा, जादा यूएसबी आणि वेगवान पीसीआय मार्गिका, म्हणजे ग्राफिक्स कार्डासारख्या भागांना जोडणाऱ्या वाटा. सहा कोअरचा प्रोसेसर त्यांच्यावर वेगळा असा पळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दोन बी६५० बोर्डांच्या किमतींत चार-पाच हजारांचा फरक असतो, चिपसेट (ज्याच्यावरून बोर्डाला बी६५० असे नाव मिळते ती चिप) तोच असतो, आणि तरीही ओव्हरक्लॉकिंगच्या दृष्टीने ते दोन वेगळे बोर्ड असतात, कारण प्रोसेसरला वीज पुरवणारा विभाग, ज्याला सगळे व्हीआरएम म्हणतात, तो दोन्हींत निराळा असतो. एसएमपीएसमधून (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) बोर्डावर १२ व्होल्टची वीज येते आणि प्रोसेसरला लागते ती साधारण सव्वा व्होल्टच्या आसपासची. हे रूपांतर सॉकेटच्या शेजारी बसवलेले मॉस्फेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारे स्विच) आणि चोक (ती सपाट करणारी वेटोळी) करतात. व्होल्टेज इतके उतरले की त्याच प्रमाणात करंट चढतो: ७६०० ला कंपनीने घालून दिलेली वीजमर्यादा ८८ वॅट आहे, म्हणजे १.२ व्होल्टने हिशेब केला तर सत्तर अँपिअरहून जास्त करंट, आणि मर्यादा वाढवून १४२ वॅटवर नेली, तर जवळजवळ १२० अँपिअर. हे रूपांतर पूर्ण कार्यक्षमतेने होत नाही. नव्वद टक्के कार्यक्षमता धरली तरी प्रोसेसरला १०० वॅट पोहोचवताना ११ वॅट बोर्डावरच, बोटभर रुंदीच्या पट्टीत, उष्णता म्हणून उरतात. ती उष्णता बाहेर पडली नाही की मॉस्फेट शंभर अंशांच्या पुढे तापतात, बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली खेचतो, आणि ओव्हरक्लॉक केलेला संगणक न केलेल्या संगणकापेक्षा मंद चालतो. हा विनोद नाही. स्वस्त बोर्डावर मोठा प्रोसेसर बसवणाऱ्यांना हा अनुभव नित्य येतो.

बोर्डाच्या खोक्यावर ‘८+२+१’ किंवा ‘१४ फेज’ असे आकडे छापलेले असतात. फेज म्हणजे वीज वाटून घेणारी एकेक फळी. पालखीला खांदेकरी वाढले की एकेकाच्या खांद्यावरचे ओझे हलके होते, परंतु खांदेकरी किती आहेत यापेक्षा ते किती दमाचे आहेत हे अधिक महत्त्वाचे असते, तसाच हा प्रकार आहे. जिथे दोन मॉस्फेट आणि त्यांचा चालक एकाच तुकड्यात बसवलेला असतो, त्या डीआर-मॉस प्रकारचे आठ फेज सुट्या साध्या मॉस्फेटच्या बारा फेजपेक्षा थंड आणि विश्वासू ठरू शकतात. शिवाय ‘८+२+१’ मधील पहिलाच आकडा प्रोसेसरच्या कोअरसाठी असतो. बाकीचे प्रोसेसरच्या इतर भागांसाठी असतात आणि जाहिरातीत सगळ्यांची बेरीज करून मोठा आकडा छापला जातो. प्रत्येक फेजची ५० किंवा ६० अँपिअरची क्षमता लिहिलेली असते, तीही आदर्श स्थितीतली असते. तुमच्या सहा कोअरच्या प्रोसेसरसाठी, आणि पुढेमागे आठ कोअरचा बसवला तर त्यासाठीही, कोअरसाठी सहा ते आठ फेज, डीआर-मॉस, आणि त्यांच्यावर खरा हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) एवढे पुरे आहे. यापेक्षा जास्त फेजसाठी पैसे मोजू नका.

‘खरा’ हीटसिंक असे म्हणालो, कारण खोटाही असतो. व्हीआरएम सॉकेटच्या डाव्या आणि वरच्या अशा दोन बाजूंना पसरलेला असतो. स्वस्त बोर्डांत त्यातील एकाच बाजूवर धातूची पट्टी असते, किंवा दोन्हींवर नुसते दिव्यांचे प्लास्टिकचे झाकण असते. दुकानात बोर्ड खोक्यातून काढून पाहायला मिळाला तर पाहा: दोन्ही बाजूंवर अॅल्युमिनियमचे जाडजूड ठोकळे हवेत, त्यांना खाचा हव्यात, आणि ते मागच्या बाजूने स्क्रूने आवळलेले हवेत. काही बोर्डांवर ते नुसते स्प्रिंगच्या खिट्ट्यांनी अडकवलेले असतात. तेवढ्यावरून बोर्ड नाकारू नका, पण दोहोंत निवड असेल तर स्क्रूवाला घ्या. बोर्डाच्या कोपऱ्यात ‘रेव्ह १.०’, ‘रेव्ह १.२’ असा छापील आकडा असतो, तोही वाचा. त्याच नावाखाली मागाहून आलेल्या आवृत्तीत व्हीआरएमचे घटक बदललेले असण्याची शक्यता असते, आणि तुम्ही वाचलेला किंवा पाहिलेला आढावा जुन्या आवृत्तीचा असतो. मी येथे एकाही मॉडेलचे नाव देत नाही त्याचे हेच कारण आहे.

तुमच्या खोलीमुळे हा मुद्दा अधिकच गंभीर होतो. संगणकाच्या परीक्षणात जी तापमाने दिलेली असतात ती बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीतली असतात. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, आणि स्लॅबखालच्या खोलीत तो दिवे लागल्यानंतरही उतरत नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. तुमच्या गेम्सची वेळही नेमकी तीच असणार. परीक्षणात व्हीआरएम ७५ अंशांवर दिसला असेल, तर तुमच्याकडे तो सहज नव्वदीत जाईल असे धरून चाला. म्हणूनच थंड खोलीत बसणाऱ्याला जो बोर्ड ‘पुरेसा’ आहे त्यापेक्षा एक पायरी वरचा बोर्ड तुम्ही घ्यावा असे मी म्हणतो. नाशिकच्या थंडीत डिसेंबरच्या रात्री सगळेच ओव्हरक्लॉक स्थिर वाटतात. परीक्षा मेमधल्या दुपारी असते.

याच संदर्भात कूलरची एक गंमत लक्षात घ्या. ७६०० सोबत खोक्यात येणारा कूलर वारा खाली, बोर्डावर सोडतो, त्यामुळे प्रोसेसरला तो जेमतेम पुरत असला तरी व्हीआरएमला आयती हवा मिळते. तुम्ही त्याच्या जागी उभा टॉवर कूलर बसवलात, आणि ओव्हरक्लॉकिंगसाठी तो बसवायलाच हवा, की प्रोसेसर थंड होतो पण वारा आडवा वाहून मागे जातो आणि व्हीआरएमला मिळणारा वारा तुटतो. यावर उपाय सोपा आहे: कॅबिनेट जाळीच्या दर्शनी भागाचे घ्या, पुढे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा असू द्या. काचेच्या बंद तोंडाचे, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट तुमच्या खोलीत भट्टी होईल. पुढच्या जाळीवरची धूळ महिन्या-दोन महिन्यांनी ब्रशने काढत जा.

वीजव्यवस्थेनंतर महत्त्व येते ते बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या आणि बोर्डाच्या मांडण्या ठेवणाऱ्या प्रोग्रामला, आणि दुकानदार त्याबद्दल सहसा एक शब्दही बोलत नाहीत. तुम्हाला तीन सोयी हव्यात: प्रोसेसरची वीजमर्यादा वाढवू देणारा प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, त्यातच येणारा, व्होल्टेज कमी-जास्त करू देणारा कर्व्ह ऑप्टिमायझर, आणि रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारे एक्सपो. बी६५० वर या तिन्ही असतात, पण त्यांच्या मांडणीत आणि सूक्ष्मतेत कंपनीगणिक फरक असतो, म्हणून घेण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या बोर्डाची बायोसची पुस्तिका उतरवून चाळा. त्याशिवाय बोर्डाच्या मागच्या पट्टीवर ‘बायोस फ्लॅशबॅक’चे बटण असावे असा माझा आग्रह राहील. त्याच्या मदतीने प्रोसेसर किंवा रॅम न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस नवे करता येते. दुकानात पडून राहिलेला बोर्ड जुन्या बायोसचा निघाला आणि नवा प्रोसेसर ओळखेना झाला, तर हे बटण तुमची एक खेप वाचवते. प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट यांपैकी कुठे अडले ते दाखवणारे चार छोटे दिवेही असावेत. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्याचा संगणक कधी ना कधी सुरू होत नाही, आणि तेव्हा या दिव्यांची किंमत कळते. रंग बदलणाऱ्या शोभेच्या दिव्यांचा तेव्हा काही उपयोग होत नाही.

रॅमकडे दुर्लक्ष करू नका, कारण तुमच्या बाबतीत खरा लाभ तिथेच अधिक आहे. एएम५ वर फक्त डीडीआर५ या पिढीची रॅम चालते. एक्सपो सुरू केले नाही तर तुम्ही ६००० ची रॅम घेऊनही ती ४८०० किंवा तत्सम मूळ वेगावर चालत राहते, आणि असे संगणक मी जागोजागी पाहतो: मालकाने पैसे मोजले आहेत आणि बायोसमधील एक ओळ बदललेली नाही. ७६०० साठी डीडीआर५ ६००० हा वेग किंमत आणि स्थैर्य यांचा उत्तम मेळ आहे. एकाच जोडीत आलेल्या दोनच पट्ट्या घ्या आणि बोर्डाला चार खोबणी असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत बसवा. चारही खोबणी भरल्या की डीडीआर५ चा वेग टिकवणे एएम५ ला फार जड जाते, त्यामुळे ‘आज दोन, पुढच्या वर्षी आणखी दोन’ हा बेत सोडून द्या, आणि दोनच खोबणी असलेला बोर्ड स्वस्त म्हणून कमी प्रतीचा समजू नका. एक्सपो पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहतो. बोर्ड रॅमची घडी बसवत असतो, त्या वेळात बटण दाबून संगणक बंद करू नये. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही एएम५ बोर्डांवर एक्सपोसोबत प्रोसेसरच्या एसओसी भागाला (रॅमचे नियंत्रण करणाऱ्या भागाला) जादा व्होल्टेज जाऊन प्रोसेसर आणि सॉकेट जळाल्याच्या तक्रारी आल्या होत्या, त्यानंतर एएमडीने ही मर्यादा १.३ व्होल्टवर बांधून दिली. म्हणून बोर्ड घरी आल्यावर पहिले काम नवे बायोस भरण्याचे. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून झपाट्याने चढले आहेत, त्यामुळे बोर्डाचे कोटेशन एकटे न पाहता बोर्ड आणि रॅम यांची बेरीज पाहा.

ही बेरीज हाताबाहेर जात असेल तरच दुसऱ्या मित्राच्या प्रस्तावाकडे वळावे. त्या वाटेने जायचे तर प्रोसेसर रायझन ५ ५६०० आणि रॅम डीडीआर४ ३६०० असावी. बी४५० वर ५६०० चालतो, पण त्यासाठी बायोस नवे असावे लागते, आणि तुमच्या ग्राफिक्स कार्डाशी त्या बोर्डाचा एक बारीक बेबनाव आहे: आरएक्स ६६०० ला सोळाऐवजी आठच मार्गिका आहेत, आणि बी४५० वर त्या पीसीआय ३.० च्या वेगाने चालतात, म्हणजे ४.० च्या निम्म्या. बहुतेक गेम्समध्ये हा तोटा किरकोळ असतो, पण कार्डाची आठ जीबी मेमरी भरली की तो जाणवतो. म्हणून जुना घ्यायचाच तर बी५५० शोधा, त्यावर ४.० मिळते आणि त्याचे व्हीआरएम सर्वसाधारणपणे बी४५० पेक्षा बरे असतात. एएम४ मध्ये पुढे बढतीला फारशी जागा उरलेली नाही, उलट एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही पाठिंबा देण्याचे एएमडीने २०२४ मध्ये जाहीर केले आहे, हा फरकही तराजूत टाका. वापरलेला एएम५ किंवा इंटेलचा बोर्ड कोणी देऊ केला तर सॉकेटमधील पिना मोबाइलच्या टॉर्चखाली तिरक्या नजरेने पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण या बोर्डांत पिना प्रोसेसरला नसून बोर्डाला असतात आणि एक जरी वाकली तरी बोर्ड बाद ठरू शकतो.

नवा बोर्ड शक्यतो नाशिकमध्येच घ्यावा असे माझे मत आहे. सुमारे १७० किलोमीटरवरच्या मुंबईत पाचशे-सातशे रुपये वाचतीलही, परंतु बोर्ड पहिल्याच आठवड्यात हट्ट करू लागला तर तो बदलून घ्यायला एक सुटी आणि प्रवासखर्च जाईल. जीएसटीचे पक्के बिल घ्या, त्यावर बोर्डाचा सीरियल क्रमांक लिहून घ्या, आणि वॉरंटीसाठी बोर्ड नाशिकमध्ये जमा होतो की बाहेर पाठवावा लागतो, हे बिल करण्यापूर्वी विचारा. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण फेकू नका. ते नसेल तर पुष्कळदा वॉरंटीत बोर्ड परत घेत नाहीत. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान प्रोसेसरच्या वॉरंटीत बसत नाही, आणि प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हही एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंगच आहे. घरातील सॉकेटला अर्थिंग आहे की नाही, हे एकदा वायरमनकडून तपासून घ्या. चांगल्या बोर्डाला त्याचीही गरज असते. एसएमपीएस नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा पुरेल, कारण तुमचे ग्राफिक्स कार्ड १३२ वॅटचेच आहे.

बोर्ड बसल्यावर काय करायचे ते थोडक्यात सांगतो. पहिले काही दिवस संगणक काहीही न बदलता चालवा, म्हणजे पुढे अडचण आली तर ती तुमच्या बदलामुळे आली की मुळातच होती हे कळेल. मग एक्सपो सुरू करून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम एक रात्र चालवा. ते निर्दोष झाल्यावरच प्रोसेसरला हात लावा, आणि तिथेही सरळ सगळ्या कोअरचा वेग ठोकून बसवण्याची जुनी पद्धत वापरू नका, कारण तिने एकेका कोअरचा आपोआप मिळणारा ५.१ गिगाहर्ट्झचा झटका बहुधा हातचा जातो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केले की ते आठ टक्क्यांनी वाढते, पण उष्णता सोळा टक्क्यांच्या वर जाते. म्हणून तुमच्या खोलीत उलटी वाट शहाणपणाची आहे: कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे दहा द्या, दोन-तीन दिवस नेहमीचे काम करा, ओसीसीटी आणि सिनेबेंच हे ताण देणारे प्रोग्राम चालवून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोसेसर आणि व्हीआरएम या दोन्हींचे तापमान पाहा, मग उणे पंधरा, मग उणे वीस. व्होल्टेज कमी झाल्यामुळे वाचलेली उष्णता प्रोसेसर स्वतःच वेगात बदलून घेतो. संगणक मोकळा बसलेला असतानाच बंद पडू लागला, तर आकडा जास्त उणे झाला असे समजा आणि पाच अंकांनी मागे या. असा दोष जड कामात न दिसता हलक्या कामात दिसतो, त्यामुळे नुसत्या ताणचाचणीवर विसंबू नका. हे स्थिर झाल्यावर हवे तर वीजमर्यादा ८८ वॅटच्या थोडी वर नेऊन पाहा, आणि प्रोसेसर ९५ अंशांच्या मर्यादेला टेकू लागला की तिथेच थांबा.

तुमच्या १२,५०० रुपयांच्या बी६५० ला दोन्ही बाजूंना खरे हीटसिंक आणि मागे फ्लॅशबॅकचे बटण असेल, तर आणखी घासाघीस करण्यात वेळ न घालवता तो घ्या. यांपैकी हीटसिंक नसेल तर दुकानदाराला दुसरे मॉडेल मागा आणि त्यासाठी हजारभर रुपये जास्त द्यावे लागले तरी द्या. नुसते बटण नसेल, तर बिल करण्यापूर्वी दुकानातच नवे बायोस भरून मागा.